ओटचा दाणा आणि त्याचे पोहे

तांदळाचा भात व्हायला १५ ते २० मिनिटे लागतात. त्याच धान्याचे जाडे पोहे धुऊन निथळत ठेवले की दहाएक मिनिटांत मऊ होतात, आणि पातळ पोह्यांना तर पाण्याचा नुसता हबका पुरतो. धान्य एकच असताना वेळेत एवढा फरक का पडावा? याचे उत्तर ज्याला नीट कळले त्याला ओट या धान्याचे बाजारातील सगळे प्रकार कळले असे समजायला हरकत नाही, कारण ओटचे बहुतेक प्रकार म्हणजे एका परीने ओटचे जाडे आणि पातळ पोहेच होत.

किराणा दुकानाच्या फळीवर आता ओटची चार तऱ्हेची पाकिटे दिसतात. एकावर ‘स्टील-कट’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘रोल्ड’, तिसऱ्यावर ‘क्विक’ आणि चौथ्यावर ‘इन्स्टंट’. ही चार निरनिराळी धान्ये असावीत, निदान चार प्रतींची तरी असावीत, असा गिऱ्हाइकाचा समज होतो. घरात कोणाला मधुमेह निघाला किंवा रक्तात कोलेस्टेरॉल वाढले, की कोणीतरी ‘ओट खा’ म्हणून सांगतो. मग हाताला येईल ते पाकीट घरी येते. पण मधुमेह्याच्या दृष्टीने या पाकिटांत चांगलाच फरक आहे. तो समजायला फार मोठे शास्त्र लागत नाही, दाण्याची रचना आणि थोडे गणित पुरते.

प्रथम धान्याची ओळख करून घेऊ. ओट हे गहू, तांदूळ, ज्वारी यांच्याच, म्हणजे गवताच्या कुळातले तृणधान्य. त्याचे शास्त्रीय नाव अव्हेना सटायव्हा. हिंदीत त्याला जई म्हणतात. गव्हाची ओंबी घट्ट व सरळ असते, तर ओटचा तुरा सैल, फांद्याफांद्यांचा असून त्यावर कणसुले लोंबत असतात. पश्चिम आशियात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणूस गहू व जव पिकवू लागला, तेव्हा ओट हे त्या शेतांतले नुसते तण होते. ती पिके उत्तर युरोपकडे सरकत गेली तसे हे तणही त्यांच्या बियाण्यातून लपून गेले. तिकडच्या थंड, पावसाळी, आंबट जमिनीत गहू धड पिकेना, तण मात्र जोमाने वाढले. अखेर सुमारे ३,००० वर्षांपूर्वी शेतकऱ्याने त्या तणालाच पीक मानले. निकोलाय व्हाव्हिलोव्ह या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा पिकांना ‘दुय्यम पिके’ असे नाव दिले आहे.

जंगली ओटच्या बीला लांब, पीळ पडलेले कुसळ असते. हवा दमट झाली की पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी जमिनीत रुतत जाते. रॉबर्ट हूक याने १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सूक्ष्मदर्शकावरील ग्रंथात या कुसळापासून हवेतला दमटपणा दाखवणारे यंत्र कसे करावे याचे वर्णन केले आहे. आपल्या विषयाशी याचा संबंध दूरचा आहे, पण पाणी आत शिरले की वनस्पतीचा भाग कसा वागतो, हा प्रश्न पुढे आपल्यालाही पडणारच आहे.

मळणी केल्यावर गव्हाचा दाणा मोकळा होतो. ओटचा होत नाही. भाताप्रमाणे त्याचे तूस दाण्याला बिलगून राहते आणि धान्याच्या वजनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग हे तूसच असते. गिरणीत ते काढून टाकले की आत ६-७ मिलिमीटर लांब आणि सुमारे २ मिलिमीटर जाड असा फिकट तपकिरी दाणा मिळतो. त्यावर कोंड्याचा थर असतो, आत पिठूळ गाभा असतो आणि एका टोकाला बीजांकुर. हा सडलेला अखंड दाणा म्हणजे ओटचे मूळ रूप. बाकीचे सगळे प्रकार याच्यापासून होतात, आणि त्यांत कोंडा व अंकुर सहसा तसेच राहतात. पांढऱ्या तांदळात किंवा मैद्यात जे काढून टाकलेले असते ते ओटच्या पोह्यांत शाबूत असते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हा दाणा तसाच कापून किंवा चेपून विकता येईल का? येणार नाही; तो काही दिवसांत कडू होईल. ओटमध्ये स्निग्ध पदार्थ ७ टक्क्यांच्या आसपास असतात. गव्हात ते २ टक्क्यांच्या जवळपास असतात. शिवाय ओटच्या दाण्याच्या बाहेरच्या थरांत लायपेज नावाचे एंझाइम भरपूर असते. चरबीचे तुकडे करून मेदाम्ले मोकळी करणे हे त्याचे काम. दाणा अखंड असतो तोपर्यंत एंझाइम आणि चरबी आपापल्या जागी असतात. दाणा चिरडला की दोघांची गाठ पडते, मेदाम्ले सुटू लागतात आणि पिठाला कडवट चव येते. म्हणून तूस काढल्यावर दाण्यांना आधी वाफ देतात व मग गरम हवेने वाळवतात. उष्णतेने लायपेज निकामी होते. या भाजणीनेच ओटला तो खमंग, किंचित बदामासारखा वास येतो. म्हणजे दुकानात मिळणारा कोणताही ओट, अगदी ‘कच्चा’ म्हणून विकला जाणारासुद्धा, थोडाफार शेकलेला असतोच. पोह्यांसाठी भात भिजवून भाजतात, त्याची येथे आठवण व्हावी.

आता पुढची पायरी. शेकलेला दाणा धारदार पात्यांनी आडवा कापला, की एकाचे दोन ते चार तुकडे होतात. हे ‘स्टील-कट’. स्टीलच्या पात्याने कापलेले, एवढाच त्या नावाचा अर्थ. त्याचा दिसण्या-चकाकण्याशी काही संबंध नाही. दिसायला ते गव्हाच्या जाड दलियासारखे असतात. अखंड दाणा पुन्हा वाफेवर मऊ करून दोन फिरत्या रुळांतून चेपला की ‘रोल्ड’, म्हणजे जाडे पोहे. त्यांची जाडी अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. दाणा आधी कापून मग ते तुकडे चेपले की ‘क्विक’, सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीचे. आणि अधिक शिजवून ०.३ मिलिमीटरपर्यंत पातळ केले की ‘इन्स्टंट’.

हे आकडे दिले याला कारण आहे. दाणा शिजण्यासाठी पाणी त्याच्या मध्यापर्यंत पोचावे लागते. पदार्थात पाणी असे हळूहळू पसरत जाण्याला विसरण म्हणतात, आणि विसरणाचा एक साधा नियम आहे : लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट, तिप्पट झाली तर नऊपट. अखंड दाण्याची जाडी २ मिलिमीटर धरू आणि तो शिजायला ५० मिनिटे लागतात असे मानू. जाड पोहा ०.६ मिलिमीटरचा असेल, तर जाडी सुमारे ३.३ पटींनी कमी झाली, तिचा वर्ग ११. पन्नासला ११ ने भागले की साडेचार मिनिटे येतात. क्विकची जाडी पाचपटींनी कमी, वर्ग २५, वेळ २ मिनिटे. इन्स्टंटला मिनिटभर. आता पाकिटांवर छापलेल्या वेळा पाहा. जाड्या पोह्यांना ५ ते १० मिनिटे, क्विकला १ ते ३ मिनिटे, आणि इन्स्टंटवर उकळते पाणी ओतून मिनिट-दोन मिनिटे झाकून ठेवा, असे लिहिलेले आढळेल. इतक्या ओबडधोबड गणिताने उत्तर एवढे जवळ यावे ही मौजच आहे. ते अगदी तंतोतंत जुळणार नाही हे उघड आहे, कारण पाण्याला कोंड्याचा अडथळा होतो आणि पातळ प्रकार आधीच वाफेवर अर्धेमुर्धे शिजलेले असतात.

स्टील-कटला मात्र २० ते ३० मिनिटे का लागतात? कापल्याने त्याची जाडी कमी झालेली नाही, ती अजून २ मिलिमीटरच आहे. फक्त कोंडा नसलेल्या नव्या बाजू उघड्या पडल्या आणि पाण्याला तेवढ्या वाटा मिळाल्या.

हे तुम्हाला शाळेत करून पाहता येईल. प्रयोगशाळेतील स्क्रू गेजने दहा जाड्या व दहा क्विक पोह्यांची जाडी मोजा आणि सरासरी काढा. स्क्रू फार आवळू नका, पोहा चिरडतो. मग प्रत्येक प्रकार १० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात टाका व मंद उकळी चालू ठेवा. दर मिनिटाला दोन-तीन दाणे चमच्याने काढून काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबा आणि उजेडासमोर धरा. मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर पाणी अजून तेथवर पोचलेले नाही. ठिपका दिसेनासा झाला ती वेळ टिपा. स्टील-कटसाठी दर पाच मिनिटांनी पाहिले तरी चालेल. जाडीचा वर्ग आडव्या अक्षावर व वेळ उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. बिंदू एका सरळ रेषेच्या जवळपास येतात की नाही, आणि स्टील-कटचा बिंदू रेषेपासून किती ढळतो, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल. हातभिंग असेल तर आणखी एक गंमत दिसेल : जाडा पोहा हा अखंड दाण्याचा असल्याने अंडाकृती असतो आणि त्यावर दाण्याची खाच रेघेसारखी उमटलेली असते, क्विकमध्ये असे पुरे अंडाकृती पोहे क्वचितच सापडतात.

हे प्रकार काही एकदम जन्माला आले नाहीत. स्कॉटलंडात ओट जात्यावर भरडून त्याची पेज आणि तव्यावरच्या जाड कडक भाकऱ्या करण्याची चाल फार जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन या इंग्रज पंडिताने १७५५ सालच्या आपल्या शब्दकोशात, इंग्लंडमध्ये हे धान्य घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसे त्यावर जगतात, असा टोमणाच मारून ठेवला. अमेरिकेतही घोड्याचे खाद्य म्हणूनच ओट ठाऊक होते. ओहायो राज्यातील अॅक्रन गावी फर्डिनांड शूमाखर या जर्मन स्थलांतरिताने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास माणसांसाठी ओट दळायला सुरुवात केली. १८७७ साली त्याच राज्यातील रॅव्हेना येथील एका गिरणीने ‘क्वेकर’ हे व्यापारचिन्ह नोंदवले. पुढे या नावाच्या कंपनीने १९२२ मध्ये क्विक आणि १९६६ मध्ये इन्स्टंट ओट बाजारात आणले. साल पुढे सरकत गेले तसा पोहा पातळ होत गेला. सकाळी चुलीपाशी अर्धा तास उभे राहायला कोणाला सवड उरली नव्हती, हे त्याचे कारण.

पण जो पोहा पाण्याला लवकर वाट देतो, तो पोटातल्या पाचकरसांनाही लवकर वाट देतो. या लेखातली महत्त्वाची गोष्ट ही आहे. पिष्टाचे तुकडे करून ग्लुकोज सुटे करणारी एंझाइमे पाण्याबरोबरच दाण्यात शिरतात. जाड तुकड्यात त्यांना वेळ लागतो, आणि ग्लुकोज रक्तात थोडेथोडे येते. पातळ व पूर्ण शिजलेल्या पोह्यात ते झपाट्याने येते. ही गती मोजण्यासाठी टोरँटोच्या डेव्हिड जेंकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘ग्लायसेमिक निर्देशांक’ सुचवला. शुद्ध ग्लुकोजचा निर्देशांक १०० धरतात. निरनिराळ्या प्रयोगांची सरासरी पाहिली तर स्टील-कटचा निर्देशांक ५५ च्या आसपास, जाड्या पोह्यांचाही तेवढाच, क्विकचा ७० च्या थोडा वर आणि इन्स्टंटचा सुमारे ७५ येतो. धान्य तेच, कोंडाही तोच. तरीही रक्तातील साखर वेगळ्या वेगाने चढते. स्टील-कट आणि जाडे पोहे यांत मात्र फारसा फरक नाही. तेव्हा मधुमेह्याने महागडे स्टील-कटच घ्यावे आणि रोज अर्धा तास इंधन जाळावे असे मला वाटत नाही, जाडे पोहे घेतले तरी काम भागते. इन्स्टंटच्या गोड पाकिटांत वरून साखर घातलेली असते आणि मसालेदार पाकिटांत मीठ. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. त्यात साखर कितव्या जागी आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना तुम्ही वाचून दाखवू शकता.

आता कोलेस्टेरॉल. ओट शिजवल्यावर जो बुळबुळीतपणा येतो तो बीटा-ग्लुकान या विद्राव्य तंतूमुळे. हा पदार्थ पिठूळ गाभ्यातील पेशींच्या भित्तिकांत असतो आणि दाण्याच्या वजनाच्या साधारण ४ टक्के भरतो. आतड्यात तो पाण्यासह दाट लगदा करतो आणि त्यात पित्ताम्ले अडकून शरीराबाहेर जातात. यकृताला मग नवी पित्ताम्ले तयार करावी लागतात आणि त्यासाठी ते रक्तातले कोलेस्टेरॉल उचलते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये, रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात गेल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असे पाकिटावर छापण्यास परवानगी दिली. ३ ग्रॅम म्हणजे किती ओट? ४ टक्क्यांच्या हिशेबाने ७५ ग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅमच्या एका वाढणीने काम अर्धेच होते. आणि एवढे रोज खाऊन अपायकारक कोलेस्टेरॉल उतरते ते ५ ते ७ टक्के. हा फायदा खरा आहे, पण औषधाची गोळी बंद करण्याइतका मोठा नाही. चेपल्याने बीटा-ग्लुकान नाहीसे होत नाही, त्यामुळे या बाबतीत चारही प्रकारांत फार डावे-उजवे करता येत नाही. जवातही हाच तंतू असतो. ज्वारी, बाजरी, नाचणी टाकून ओट घ्यावे असेही मुळीच नाही. नाचणीत ओटच्या सहा-सातपट कॅल्शियम आहे.

स्वयंपाकात कोणता प्रकार कशाला वापरावा हेही जाडीवरूनच ठरते. स्टील-कटचे तुकडे शिजूनही दाणेदार राहतात, म्हणून मुगाची डाळ घालून केलेल्या खिचडीला किंवा दलियासारख्या लापशीला ते चांगले. रात्री भिजत घातले तर सकाळी वेळ वाचतो. उपम्याला जाडे पोहे घ्यावेत, आधी कोरडे परतावेत, पाणी बेताचे घालावे आणि फार ढवळू नये. ढवळले की बीटा-ग्लुकान सुटून गोळा होतो. पेजेला मात्र ढवळणेच हवे, आणि स्कॉटलंडात त्यासाठी लाकडाचा एक खास दांडका वापरतात. क्विक पोहे थालीपिठाच्या भाजणीत किंवा कटलेटच्या सारणात मिळून येण्यासाठी उपयोगी पडतात. ओटच्या नुसत्या पिठाची पोळी लाटू गेल्यास ती फाटते, कारण गव्हाच्या पिठाला ताण देणारे ग्लूटेन त्यात नसते. कणकेत चौथा हिस्सा मिसळावे. पोहे आधीच वाफवलेले असल्यामुळे न शिजवता, नुसते भिजवूनही खाता येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस झुरिकचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर आपल्या रुग्णांना रात्रभर भिजवलेले ओट किसलेल्या सफरचंदाबरोबर देत असत. आज ज्याला म्यूसली म्हणतात तिचा उगम हा.

गव्हाचे ग्लूटेन न सोसणाऱ्या, म्हणजे सीलिअॅक विकार असलेल्यांनी मात्र सावध राहावे. शुद्ध ओट बहुतेकांना सोसतात, काहींना तेही सोसत नाहीत. आणि शेतात, गाडीत किंवा गिरणीत ओटमध्ये गहू व जव सहज मिसळतात. अशा घरी ग्लूटेनमुक्त असे स्पष्ट लिहिलेलेच पाकीट, तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आपल्या देशात ओटचे पीक मुख्यतः पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश या भागांत रब्बी हंगामात, जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी घेतात. झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेल्या गवत व चारा संशोधन संस्थेत त्यावर काम चालते, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने महाराष्ट्रातील दूध-उत्पादकांसाठी ‘फुले हरिता’ हा चाऱ्याचा वाण दिला आहे. तेव्हा जॉन्सनचा घोडा आपल्याकडे गाय-म्हैस होऊन आला आहे असे म्हणता येईल. एखाद्या दूध-उत्पादकाच्या रानात हे पीक उभे असेल तर काही ताटे दाणा भरेपर्यंत राखून ठेवायला सांगा. लोंबता तुरा, बिलगलेले तूस आणि आतला दाणा हे सगळे एकाच ठिकाणी पाहायला मिळेल.

पाकीट उघडल्यावर ओट घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून व चुलीपासून दूर ठेवावेत. लायपेज मेलेले असले तरी चरबीचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होत राहतो, आणि पावसाळ्यात पोहे ओलही धरतात. जुन्या रंगासारखा किंवा खवट तेलासारखा वास आला तर ते टाकून द्यावेत. एका वेळी अर्धा किलोपेक्षा जास्त आणूच नयेत.